पडदा कधी उघडायचा?

आज बोलायचं आहे ते प्लास्टिकच्या बोगद्याबद्दल. कुणी त्याला पॉलिटनेल म्हणतं, कुणी पॉलिहाऊस, आणि गावात सरळ ‘कागदाचं घर’. लोखंडी पाइप नाहीतर बांबूच्या कमच्या कमानीसारख्या वाकवायच्या, वरून प्लास्टिकचा कागद ताणायचा, आत भाजीची रोपं करायची किंवा मिरची, टोमॅटो, काकडी लावायची. राज्य सरकारनं २०२० साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं भाजीपाला रोपवाटिका योजना आणली. तिच्यात शेडनेट आणि प्लास्टिक टनेल दोन्ही धरले होते, आणि निवडीत महिला शेतकरी व महिला गटांना प्राधान्य होतं. पण सगळे बोगदे काही योजनेतले नाहीत. कुणी गटाच्या अंतर्गत कर्जातून केला, कुणी सांदवाडीत बुरडाकडून कमच्या आणून दहा-बारा फुटांचाच केला. लहान असो की मोठा, आत जी गोष्ट घडते ती सारखीच.

बोगदा घेताना आपण सगळ्या झाकण्याचाच विचार करतो. कागद किती मायक्रॉनचा, किती वर्षं टिकेल, वाऱ्यानं फाटेल का. उघडायचा कसा, हे फार थोड्या बाया विचारतात. विकणारा तर त्याबद्दल बोलतच नाही. आणि आपल्या भागात बोगद्यातली रोपं जातात ती बहुतेक वेळा थंडीनं जात नाहीत. कोंडलेल्या ओलाव्यानं जातात.

मंडईच्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही, त्या गटातल्या बाया आत्ता ऐकत असतील. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, गावची मंडई आली. घरोघरी लेकी-जावई, पाहुणे, रात्री दंडार आणि नाटक. गटाच्या बोगद्यात टोमॅटोची आणि वांग्याची रोपं ट्रेमध्ये उभी होती, पंधरा-सोळा दिवसांची. धान कापून झाल्यावर बांधीत भाजी लावायची म्हणून गावातल्या कास्तकारांनी थोडे थोडे पैसे आगाऊ देऊन ठेवलेले. रात्रीचा गारवा वाढला होता. म्हणून बायांनी दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडले, दारं बांधून घेतली, आणि आता दोन दिवस यायला जमणार नाही म्हणून संध्याकाळी भरपूर पाणी घालून ठेवलं. लहान लेकराला गोधडीत गुंडाळावं तसं मायेनं केलं हो सगळं. तिसऱ्या दिवशी उघडून पाहतात तर ट्रेच्या मधोमध टक्कल पडल्यासारखं झालेलं. रोपं आडवी, देठ कोकोपीटला लागून पाण्यासारखे नरम. पुढच्या चार दिवसांत निम्म्याहून जास्त रोपं गेली.

याला आपण रोपांची मर म्हणतो, कुणी कोलमड म्हणतं. ती बुरशीनं होते. त्या बायांचा पहिला प्रश्न होता, औषध कोणतं मारू? औषध आहे. बियाण्याला आणि कोकोपीटला आधीच ट्रायकोडर्मा लावणं त्याहून बरं. पण जोवर आतली हवा ओली आहे तोवर औषधही पाण्यातच जाणार.

आता हा ओलावा येतो कुठून ते नीट समजून घेऊ. चुलीवर गंजात भात शिजतो, आपण झाकण उचलतो, तर झाकणाच्या आतून पाणी टपकतं. झाकणातून पाणी गळत नाही, भातातली वाफच थंड झाकणाला लागून पाणी होते. बोगद्याचा कागद हे तसंच झाकण आहे. आतली माती ओली, ट्रे ओले, आणि रोप मुळातून घेतलेलं बहुतेक सगळं पाणी पानांतून हवेत सोडतं. दिवसभर ही वाफ आत साचते. संध्याकाळी पडदे पडले की ती कोंडते. रात्री कागद गार होतो आणि सकाळी आत पाऊस.

थोडा हिशेब करू, म्हणजे अंदाज येईल. गरम हवेच्या पोटात पाणी जास्त मावतं, थंड हवेच्या पोटात कमी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढी हवा घेतली, तर ३० अंश तापमानाला तिच्यात जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. २० अंशाला १७ ग्रॅम. १० अंशाला साडेनऊ ग्रॅमच्या आत. म्हणजे दहा-दहा अंश उतरलं की हवेचं पोट जवळजवळ अर्ध्यानं लहान होत जातं. आता बारा फूट रुंद, तीस फूट लांब, मधे सात फूट उंच असा बोगदा धरा. नोव्हेंबरात संध्याकाळी पाच वाजता आत २८ अंश आहे, हवा चांगलीच दमट आहे, आणि तुम्ही बंद केलात. पहाटे आत १४ अंश झालं. तेवढ्या हवेतून अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी सुटून कागदावर आणि पानांवर बसतं. शिवाय माती दिवसभराची तापलेली असते, तीही रात्रभर वाफ देतच राहते.

अर्धा लिटर म्हणजे काय, एक तांब्याही भरत नाही, असं वाटेल. पण बुरशीला तांब्याभर पाणी लागत नाही. तिच्या बारीक कणाला अंकुर फुटायला पानावर पाण्याचा पातळ थर आणि काही तासांचा वेळ, एवढंच पुरतं. रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत पान ओलं राहिलं, तर आपणच तिला तेरा तास दिले. करपा, काकडीवरचा केवडा, फुला-फळांवरची राखाडी बुरशी, सगळ्यांना हेच हवं असतं. भुरी मात्र थोडी वेगळी आहे. तिला पान ओलं नसलं तरी चालतं, नुसती दमट कोंदट हवा पुरते.

आणि रात्री बंद ठेवून ऊब किती मिळते? पातळ प्लास्टिकच्या एका पदरानं पहाटेपर्यंत बाहेरच्यापेक्षा एखाद-दोन अंशच जास्त राहतं. निरभ्र रात्री तर कधी कधी तेवढंही राहत नाही, कारण जमिनीची ऊब प्लास्टिकमधून आरपार आभाळाकडे निघून जाते. एवढ्याशा उबेसाठी आपण रात्रभराचा ओलावा विकत घेतो. आता कुणी म्हणेल, मग डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-नऊवर येतो तेव्हाही उघडंच ठेवायचं का? तसं नाही. रात्री पडदे खालीच राहू द्या. पण वरच्या बाजूची फट, दाराच्या वरची जाळी, जे काही उंचावर असेल ते चार बोटं तरी उघडं हवं. ओली हवा उंच जाते. ती गरम असते म्हणून तर जातेच, पण पाण्याची वाफ मुळात कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणूनही जाते. आपल्याला ओली हवा जड वाटते, कारण ती आपल्याला जड करते. वजनाला ती हलकी आहे. म्हणून सगळी भोकं खालीच ठेवली आणि माथा बंद ठेवला, तर खालची हवा हलेल, पण ओलावा माथ्यावर बसून राहील आणि रात्री तिथूनच गळेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी ऐकून पुष्कळ बाया मान हलवतात पण मनातून पटत नाही. हिवाळ्याची सकाळ आहे, बांधीवर धुकं आहे, गवतावर दव आहे, बाहेरची हवा ओलीचिंब वाटते. अशा वेळी पडदा उघडला तर ओलावा आत येईल की बाहेर जाईल?

बाहेर जाईल. पुन्हा तो पोटाचा हिशेब आठवा. बाहेर १० अंश आहे आणि हवा अगदी भरलेली आहे, तरी तिच्या पोटात आहे किती? नऊ ग्रॅम. तीच हवा आत आली, उन्हानं २० अंशांपर्यंत तापली, तर तिच्या पोटात १७ ग्रॅमची जागा झाली आणि पाणी तेवढंच, नऊ. म्हणजे ती अर्धी रिकामी झाली. आता ती पानांवरचं पाणी पिऊन घेईल आणि वरच्या फटीतून निघून जाईल. धुक्याची थंड हवा आत आली की कोरडी होते. आतली कोंडलेली हवा मात्र उन्हानं तापते तेव्हा मातीतून आणि पानांतून आणखी पाणी ओढते आणि ओलीच राहते. त्यात एक गोम आहे. सकाळी ऊन आलं की हवा भराभर तापते, पण रोपाचा देठ, फळ, ट्रे हे रात्रीचे गार असतात. गार टोमॅटोवर गरम ओली हवा लागली की त्यावर दव बसतं. म्हणून ऊन आत चांगलं भरायच्या आधी, सात-साडेसातलाच, थोडं उघडायचं. दहा वाजता घरची कामं आटोपून उघडलं, तर ते दव आधीच पडून गेलेलं असतं.

थोडं म्हणजे किती? आपल्याकडे हिवाळ्यात झोंबतो तो उत्तरेकडचा वारा. म्हणून सकाळी आधी दक्षिणेकडचा पडदा एक वीतभर वर घ्या. आत घाम येण्याइतकी ऊब झाली, की उत्तरेकडचाही घ्या. दुपारी दोन्ही पूर्ण. पडदा गुंडाळताना तो खालून वर उचलायचा की वरून खाली सोडायचा, याचा विचार बोगदा बांधतानाच करावा. जमिनीपासून एक-दीड फूट कागद कायमचा बंद असू द्यावा आणि त्याच्या वरचा भाग उघडावा. नाहीतर थंड वाऱ्याचा झोत नेमका रोपांच्या उंचीवर येतो आणि कडेची रोपं आखडतात.

दुपारी बंद करायची वेळही तशीच. सूर्य कलला, गार वाटू लागलं, की आपण घाईनं पडदे सोडतो. पण त्याआधी चारच्या सुमाराला पंधरा-वीस मिनिटं सगळं उघडं आहे ना, वारा आरपार जातो आहे ना, ते बघा. दिवसभराची वाफ आधी बाहेर घालवायची आणि मग कोरडी हवा आत घेऊन पडदे सोडायचे. संध्याकाळी आत जी हवा कोंडाल तीच रात्री गळणार आहे.

उघडण्याची जागा किती असावी, याचा एक ढोबळ अंदाज सांगते. जमिनीच्या क्षेत्राचा निदान पाचवा भाग. बारा बाय तीसचा बोगदा म्हणजे ३६० चौरस फूट, तर ७२ चौरस फूट उघडलं पाहिजे. दोन टोकांची दोन दारं चार बाय सहाची धरली तरी ४८च होतात. म्हणजे नुसत्या दारांवर भागत नाही, बाजूचे पडदे हवेतच. बोगदा जितका लांब, तितका मधला भाग कोंदट. मर नेहमी मधोमध सुरू होते, दाराशी नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. पडद्याच्या जागी पांढऱ्या माशीसाठी बारीक जाळी लावलेली असेल, तर वारा आणखी अडतो. जाळी लावा, पण उघडण्याची जागा वाढवून लावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती पाण्यानं धुवा. जाळीच्या डोळ्यांत धूळ बसली की ती भिंतच होते.

हे बोगदे मुळात थंड मुलखातले. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट नावाच्या प्राध्यापकांनी १९४८ साली प्लास्टिकचं पहिलं हरितगृह उभं केलं, कारण काचेचं परवडत नव्हतं. तिकडे थंडीचा प्रश्न मोठा. शिवाय तिकडचे मोठे बागवाले आत शेगडी लावून हवा तापवतात आणि वरून ओलावा सोडून देतात, दोन्ही एकदम. आपल्याला शेगडी परवडणार नाही. आपली शेगडी म्हणजे सकाळचं ऊन. आपल्याकडेही हरितगृहाचं नाव निघालं की पुण्याकडची, तळेगाव दाभाड्याची गुलाबाची हरितगृहं दाखवतात. ती उंच असतात, माथ्याला कायमची खिडकी असते, आणि तिथली हवाही वेगळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, पावसाळ्यात चार महिने ओल, आणि हिवाळ्यात गोंदियाचं नाव विदर्भातल्या सगळ्यात थंड ठिकाणांत येतं. इथे एकच रचना बाराही महिने तशीच ठेवून चालत नाही.

पाण्याबद्दल थोडं. पाणी सकाळी द्यायचं, नऊच्या आत, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. हे सगळ्यांना माहीत आहे. अडचण आहे ती लाईटची. शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात माणसं रात्रीच मोटर लावतात आणि झारीनं किंवा पाइपनं रोपांवर पाणी सोडून झोपायला जातात. ओलाव्याच्या दृष्टीनं याहून वाईट वेळ नाही. यावर सोपा उपाय म्हणजे एक जुना दोनशे लिटरचा ड्रम, विटांच्या किंवा लाकडाच्या चौथऱ्यावर तीन-चार फूट उंच ठेवलेला. रात्री ड्रम भरून घ्या, सकाळी तोटी उघडा. लहान बोगद्याला तेवढ्या उंचीवरून ठिबकची नळी चालते. पाणी मुळाशी गेलं पाहिजे, पानावर नाही. ट्रेवर झारी चालवावीच लागते, तर ती सकाळीच. ढगाळ दिवस असेल तर आधी ट्रे उचलून बघा, जड लागला तर त्या दिवशी पाणीच नको.

वाफ्यांच्या मधल्या वाटा ओल्या असतील, तर त्याही रात्रभर वाफ देतात. वाटेवर धानाची तणस टाकतात, ती चांगली, पण कोरडी. भिजून काळी पडलेली तणस बुरशीचं आणि गोगलगाईंचं घर होते, ती काढून खताच्या खड्ड्यात टाका. कागद ढिला पडू देऊ नका. ताणलेल्या कागदावरून थेंब ओघळत कडेला जातो, ढिल्या कागदाला जिथे पोट आलं तिथूनच तो टपकतो, आणि रोज त्याच जागेवर. नवा कागद घेताना थेंब न गळणारा, म्हणजे अँटी-ड्रिपचा, मिळतो का ते विचारा. कमच्यांवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या की कागद घासून फाटत नाही, हे तर तुम्ही करताच.

पावसाळ्यात गोष्ट उलटी होते. तेव्हा बोगदा हे घर नाही, नुसती छत्री. दोन्ही बाजूंचे पडदे दिवसरात्र वर, फक्त माथ्यावर कागद. बाहेरचीच हवा इतकी ओली असते की उघडून काय उपयोग, असं विचारतात. उपयोग आहे. आभाळ जरा उघडलं, आतली हवा पाचच अंश जास्त तापली, तरी बाहेरची नव्वद टक्के भरलेली हवा आत सत्तरच्या आत येते. आणि वाहती हवा पान सुकवते, उभी हवा सुकवत नाही. कपडे वाळत घालताना आपण दोरी वाऱ्यावर बांधतो ना? पावसाळ्यात ट्रे दाटीनं ठेवू नका, मिरची-टोमॅटोची खालची पिवळी पानं काढत जा. वादळ आलं तर सगळं बंद करा, नाहीतर वारा आत शिरून कागद फुग्यासारखा उचलतो. पण वादळ सरलं की लगेच उघडा.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बोगद्यात रोपं धरणं फार शहाणपणाचं नाही. धरायचीच असतील, तर कागद काढून पन्नास टक्के सावलीची शेडनेट टाका. तेव्हा हवा इतकी कोरडी असते की ओलावा वाढवावा लागतो. ओली पोती लटकवा, वाटेवर पाणी शिंपडा, फॉगर असेल तर दुपारी थोडा थोडा वेळ चालवा. पण चारही बाजू उघड्या ठेवून. बंद बोगद्यात फॉगर चालवला की गारवा येत नाही, गंजातला भात होतो. कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो, फुलं गळतात. टोमॅटोच्या फुलाचं तर असं आहे की हवा फार ओली असली तर पराग चिकटून गोळा होतो आणि फार कोरडी असली तर फुलाला धरत नाही. मोठ्या बोगद्यात टोमॅटो असेल, तर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, पानं सुकल्यावर, आधाराच्या सुतळीला हलकी टिचकी मारत चला. आत वारा आणि मधमाशी कमी, ते काम आपल्याला करावं लागतं.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. हे सगळं करणार कोण?

पडदा उघडायला काय लागतं, पाच मिनिटं, असं बैठकीत सहज म्हटलं जातं. खरं आहे, पाचच मिनिटं. पण ती रोज सकाळी सात-साडेसातला, रोज दुपारी चारला, आणि मधे आभाळ बदललं की आणखी एकदा. ज्या बाईच्या नशिबी ती पाच मिनिटं आली, तिला कामाला दूर जाता येत नाही, माहेरी राहता येत नाही. जुलैत रोवणी सुरू झाली की गटातल्या सगळ्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. रोवणीचे ते थोडे दिवस हातात रोख मजुरी पडण्याचे. ती सोडून बोगद्यापाशी कोण थांबेल? मग काम कुणावर जातं, तर जिचं घर बोगद्याजवळ आहे तिच्यावर, किंवा जी गटात नवी आहे, बोलत नाही, तिच्यावर. रोपं विकली की पैसे सगळ्यांत सारखे वाटले जातात आणि उघडझाक करणारीचं नाव वहीत कुठे नसतं. वर रोपं मेली तर पहिला प्रश्न तिलाच, तू उघडलं नव्हतं का?

माझं म्हणणं असं की बियाण्याचे, कोकोपीटचे पैसे जसे खर्चात लिहितो, तसे उघडझाकेचे पैसेही खर्चात लिहावेत. रक्कम गटानं बैठकीत ठरवावी. महिन्याचे ठरवा, रोजचे ठरवा, पण ठराव करून वहीत घ्या. पाळी लावा, आठवड्याला एक बाई, आणि तिच्या बदली दुसरी कोण हेही नावानिशी. मंडई, लग्नसराई, रोवणी, धानाची कापणी, हे दिवस आपल्याला आधीच माहीत असतात. त्या दिवसांची पाळी महिनाभर आधी लावता येते. बोगद्याच्या दाराला एक जुनं कॅलेंडर टांगा आणि उघडलं ती वेळ, झाकलं ती वेळ लिहीत जा. पुढे मर आली किंवा करपा आला, तर त्या वेळांवरून कारण सापडतं आणि कुणाच्या अंगावर जाण्याची गरज पडत नाही. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे रोप दाखवायला न्याल, तेव्हा हे कॅलेंडरही सोबत न्या. नुसत्या रोगट पानापेक्षा त्यावरून त्यांना जास्त कळेल.

पाळीवर येणाऱ्या बाईला ओलावा कळावा कसा? डोळ्यांनी कळतो. आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरली, नऊ वाजून गेले तरी कागद गळतोच आहे, ट्रेच्या कडांना हिरवं शेवाळ आलं, पानांच्या टोकांवर सकाळी मोत्यासारखे थेंब उभे राहिले, तर हवा फार ओली आहे. ते थेंब दवाचे नसतात. हवेत जागा नसली की रोप प्यायलेलं पाणी पानाच्या कडेतून तसंच बाहेर टाकतं.

मोजायचंच असेल तर साधे दोन तापमापक घ्या, सारखे. एकाच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळून तिचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. सावलीत दोन्ही शेजारी टांगा, वहीनं थोडा वारा घाला आणि दोन-तीन मिनिटांनी बघा. ओल्या चिंधीचा तापमापक कमी दाखवेल. दोघांत तीन ते पाच अंशांचा फरक असेल तर हवा बरी आहे. दोनच्या आत आला तर हवा ऐंशी टक्क्यांच्या वर भरली, ताबडतोब उघडा. आठच्या वर गेला तर फार कोरडी, वाटेवर पाणी शिंपडा.

काही गटांनी आर्द्रता दाखवणारं ते छोटं घड्याळासारखं यंत्र घेतलं आहे. स्वस्तात मिळतं, पण खरं दाखवतं की नाही ते एकदा तपासून घ्यावं. त्याला घरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. मीठ ओलं चिखलासारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि यंत्र एका प्लास्टिकच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवा आणि डबा घट्ट बंद करा. आज रात्री ठेवला तर उद्या सकाळी बघा. ओल्या मिठाच्या वर बंद डब्यातली हवा पंच्याहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणच आहे. यंत्रानं ७५ दाखवलं तर ते खरं. ८० दाखवलं तर ते पाचानं जास्त बोलतं, एवढं त्याच्या पाठीवर पेननं लिहून ठेवा आणि मगच बोगद्यात टांगा. टांगायचं रोपांच्या उंचीवर, मधोमध, दाराशी नाही.